अण्णांना सांगितलेला खोटा अर्थ

माझ्या वडिलांना मी पवित्र शास्त्रातल्या एका शब्दाबद्दल खोटं सांगितलं. हे आजवर फक्त दोघांना माहीत होतं. हेतू वाईट नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत राहिलो. पण ज्या पुस्तकाला जन्मभर सत्य म्हणत आलो, त्यातलाच एक शब्द मी माझ्या सोयीसाठी वाकवला, आणि तोही चौऱ्याऐंशी वर्षांच्या, विसरत चाललेल्या माणसासमोर. त्यानंतर जे घडलं ते काय होतं हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची इच्छाही आता उरलेली नाही. घडलं तसं सांगतो.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. वडिलांना घरात आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णांचा जन्म गावाबाहेरच्या महारवाड्यातला. आजोबांकडे गावची कामं असायची. निरोप पोचवायचे, मेलेली गुरं ओढून न्यायची, कुणी हाक मारली की हातातला घास ताटात टाकून उठायचं. पाटलाच्या दारावरून जाताना आजोबा पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे आणि पुढचं वळण आलं की पुन्हा घालायचे. लहानगे अण्णा त्यांच्या मागून चालत असत. अण्णांच्या पायात काहीच नसायचं, त्यामुळे त्यांना काही काढावं लागत नसे. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही हसत हसत, आणि सांगून झाल्यावर उठून बाहेर निघून गेले.

आजोबांनी पुढं मिशनच्या शाळेतल्या एका मास्तरांचं ऐकून बाप्तिस्मा घेतला. अण्णा त्याच शाळेत शिकले, आणि विशीत अंबरनाथला येऊन एका कंपनीत फिटर म्हणून लागले. कंपनीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. रविवारी पांढरा शर्ट आणि चकचकीत बूट घालून ते आम्हाला उपासनेला न्यायचे. बूट ते स्वतः पुसत, दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नसत. आमच्या चर्चच्या छोट्या मराठी मंडळीत अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पण गीतात कुठं ‘दास’ हा शब्द आला की तो आवाज थांबायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटायचं, त्यांना दम लागतो.

मी नोकरीला लागून काही वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. बोलण्याच्या भरात त्यांनी सगळ्या मंडळीला उभं केलं आणि म्हणायला लावलं की आम्ही प्रभूचे गुलाम आहोत. तीन वेळा, मोठ्यानं. दुसऱ्या वेळेला अण्णा बाकावरून बाहेर पडले आणि शांतपणे चालत दाराबाहेर गेले. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की माझ्या बापानं गुलामी सुटावी म्हणून ख्रिस्त धरला, आता तिथंही गुलामच व्हायचं असेल तर मी घरीच बरा. आम्हाला वाटलं, राग आहे, चार आठवड्यांत जाईल. ते पुन्हा कधी आले नाहीत.

आई मात्र प्रत्येक रविवारी बाकावर उजव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवून बसायची. पर्स त्या जागेवर ठेवायची, म्हणजे दुसरं कुणी बसू नये. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट पुढं सरकत आलं की ती क्षणभर त्या पर्सकडं बघायची आणि मग ताट मला द्यायची. ती गेली तेव्हाही ती जागा मोकळीच होती. तिच्यानंतर मी त्याच बाकावर बसू लागलो आणि नकळत मीही उजवीकडं जागा सोडू लागलो. उपासना चालू असताना माझं अर्धं लक्ष दाराकडं असायचं. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला मी, बाप दारातून आत येईल म्हणून दर रविवारी मान वळवून बघत होतो. याहून मोठी इच्छा देवापाशी मी कधी मागितली नाही.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला. अण्णा तोवर आमच्याबरोबर बदलापूरला बेलवलीत राहायला आले होते. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेलं. एखादा निकाल पटला नाही की मूळ नमुना परत तपासायचा, ही माझी सवय. मला वाटलं, हा शब्दही मुळात जाऊन तपासावा. बायबलमधला नवा करार ग्रीक भाषेत लिहिलेला आहे. मराठीत आपण ‘दास’ म्हणतो, तो मुळात इतका कठोर नसेल. भाषांतरात बिघडला असेल. मूळ शब्द मऊ निघाला तर तो मी अण्णांना दाखवीन आणि ते परत येतील, अशी माझी भाबडी आशा.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात भालेराव सर राहत. ते एका धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, एकटेच होते. आठवड्यातून दोनदा दुपारी मी त्यांच्याकडं जाऊ लागलो. त्यांनी मला त्यांच्या जुन्या शिकवणीच्या कार्डांचा एक गठ्ठा दिला. पुढच्या बाजूला त्यांचं नाव, पत्ता आणि फोन नंबर छापलेला, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर एक ग्रीक शब्द आणि खाली त्याचा मराठी अर्थ लिहायचा, कार्डं खिशात ठेवायची, येता जाता पाठ करायची. साठीच्या उंबरठ्यावर मी शाळकरी पोरासारखा बाराखडीपासून सुरू झालो.

सहा महिन्यांनी मी धीर करून माझा खरा प्रश्न विचारला. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, सेवा करणाऱ्यासाठी शास्त्रात एकच शब्द नाही. एक आहे दियाकोनोस, म्हणजे पंगतीत वाढणारा, लोकांच्या हाकेला धावणारा. त्याला सेवक म्हणा, हरकत नाही. पण जिथं आपण ‘दास’ वाचतो तिथं बहुतेक ठिकाणी दूलोस आहे, आणि दूलोस म्हणजे गुलाम. ज्याच्या अंगावर दुसऱ्याची मालकी आहे तो. त्याला घरी जायची सुट्टी नाही, नोकरी सोडायची सोय नाही. मी विचारलं की याला थोडा सौम्य अर्थ नाही का देता येणार? सर म्हणाले, “देतात बरेच जण. लाज वाटते म्हणून देतात. पण तुमच्या वडिलांना तो शब्द बरोबर कळलाय. आपल्यालाच कळला नव्हता.”

मग त्यांनी पुस्तकात आणखी काही ठिकाणं काढून दाखवली. माझं लक्ष नव्हतं. मी कार्डावर ‘दूलोस’ लिहिलं, खाली ‘गुलाम’ लिहिलं आणि घरी निघालो. शहाड, विठ्ठलवाडी, कुठून कसा आलो आठवत नाही. सहा महिन्यांच्या शिकण्यातून मला तोच शब्द परत मिळाला होता, फक्त आणखी जड होऊन.

अण्णांचं विसरणं तेव्हा वाढत चाललं होतं. सकाळचं जेवण झालं की नाही हे आठवत नसे, पण साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचा कुठला नट ढिला व्हायचा ते आठवे. वाचता मात्र चांगलं येई. त्या संध्याकाळी मी टेबलावर कार्डं पसरून बसलो होतो. ते येऊन उभे राहिले आणि विचारलं, काय शिकतोस रे? मी म्हटलं, शास्त्राची मूळ भाषा. ते म्हणाले, “मग त्या शब्दाचा काय अर्थ निघाला?” कुठला शब्द, हे त्यांनी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही तो विषय कधी काढला नव्हता, तरी दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, “सेवक. मदतनीस म्हणा. गुलाम नाही अण्णा, ते भाषांतर चुकलेलं आहे.” त्यांनी पसरलेल्या कार्डांवरून हात फिरवला. मग “बरं” म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, जमलं. पुढच्या रविवारी याल का म्हणून विचारायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण त्या दिवशी झोपण्यापूर्वीची प्रार्थना मला म्हणता आली नाही. तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बायको शालिनी तिच्या बहिणीकडं गेली होती. दुपारी जेवणानंतर मी आंघोळीला गेलो, नळाला पाणी उशिरा आलं होतं म्हणून. बाहेर आलो तर दार उघडं आणि अण्णा नाहीत. बूट जागेवर होते, घरात घालायच्या रबरी चपला नव्हत्या.

आधी बेलवलीतल्या गल्ल्या पाहिल्या, मग स्टेशनच्या दोन्ही बाजू, मग सोनिवलीच्या रस्त्यानं बराच पुढं गेलो. शालिनीला फोन केला, ती धावत आली. चौकीत जाऊन फोटो दिला. तिथल्या हवालदारांनी लगेच सगळीकडं कळवलं. मला वाटलं, जुन्या सवयीनं ते कंपनीत गेले असतील. म्हणून अंबरनाथला गेलो. तिथल्या वॉचमननं सांगितलं की असं कुणी आलं नाही. चार वाजून गेले होते. स्टेशनजवळच्या पुलाच्या पायऱ्यांवर मी बसलो आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला.

मी मंडळीत ‘वडील’, म्हणजे कारभारी, म्हणून काम केलेला माणूस. मोठ्या प्रार्थना मला सहज येतात, मुद्देसूद, शास्त्राचे आधार देऊन. त्या दिवशी एकही मुद्दा सुचेना. जो शब्द मी आदल्या दिवशी खोटा केला होता, त्या शब्दाच्या मालकापुढं मी काय बोलणार होतो? तो म्हातारा माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून कुठं निघाला होता की खोटं ओळखून निघाला होता, हेही मला माहीत नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हणालो की मला काही कळत नाही, तू सांगशील तिकडं जातो. त्यावर काही झालं नाही. आवाज आला नाही, मन शांत झालं नाही. एका ओळखीच्या रिक्षावाल्याचा फोन आला की पालेगावच्या बाजूला, नवीन इमारती चालल्यात तिथं एक म्हातारे गृहस्थ बसलेत. मी धावत गेलो. ते दुसरेच कुणी होते. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता आणि त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवत होता. बाप सापडलेला मुलगा बघून मी तिथंच विटांच्या ढिगाला टेकून रडलो.

तिथं असतानाच भालेराव सरांचा फोन आला. त्यांना अण्णा हरवल्याचं मी कळवलंही नव्हतं. सर म्हणाले, “घाबरू नका. तुमचे वडील इथं आहेत, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दरबारात.”

चार नंबर कॅम्पात सिंधी लोकांचा एक दरबार आहे. दर गुरुवारी तिथं सत्संग असतो. मी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. आतून भजनाचा आवाज येत होता, बाहेर बायकापुरुषांची ये-जा चालली होती. दाराच्या डाव्या हाताला चपला ठेवायची जागा, लोखंडी मांडण्या आणि पुढं एक लाकडी ओटा. ओट्यामागं दोन स्टुलं होती. एकावर सरांच्याच वयाचे एक गोरे, जाडसर गृहस्थ बसले होते, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, हातात अंगठ्या. दुसऱ्या स्टुलावर अण्णा. अण्णांच्या मांडीवर एक फडकं होतं, आणि त्यांच्या हातात कुणा बाईची चप्पल होती. ते ती पुसत होते.

माझ्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं ते मी सांगू शकत नाही. ज्या माणसानं या एका गोष्टीपासून पळत पळत नगरहून इथवर येऊन आयुष्य उभं केलं, त्याला म्हातारपणी, भान हरवल्यावर, कुणीतरी परत चपलांपाशी बसवलं होतं. मी ओरडलो नाही, पण आवाज चढला असावा. मी त्यांच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि म्हणालो, अण्णा, उठा. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ओळख होती नजरेत. ते म्हणाले, “थांब. ती बाई आता बाहेर येईल. तिची दुसरी राहिलीय पुसायची.”

शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले आणि हात जोडले. दरबारात त्यांना सगळे दादा म्हणत होते. कॅम्पात त्यांची कापडाची मोठी पेढी आहे, हे मला नंतर सरांकडून कळलं. ते त्यांच्या मोडक्या मराठीत सांगू लागले. दुपारी कुणीतरी अण्णांना हाताला धरून दारापर्यंत आणलं आणि यांना तहान लागलीय म्हणून सांगितलं. दादांना वाटलं, घरचंच माणूस आहे. अण्णांना आत पंख्याखाली बसवून पाणी दिलं, प्रसाद दिला. परत येऊन बघतात तर आणणारा माणूस नव्हता. अण्णांच्या रबरी चपला चिखलानं भरल्या होत्या. दादांनी त्या उचलून नेहमीसारख्या पुसल्या आणि मांडणीत ठेवल्या. अण्णा ते आतून बघत होते. ते उठून बाहेर आले आणि ओट्यापाशी उभे राहिले.

“मला विचारलं, तुला इथं कुणी लावलं?” दादा म्हणाले. “मी बोललो, साईं, कुणी नाही लावलं. मी आपणच येतो. दर गुरुवारी येतो. मग म्हणाले, माझ्या चपलेला तू हात लावलास? मी बोललो, हां बाबा, लावला. ते रडायला लागले. मी घाबरलो, म्हटलं काही चूक झाली. त्यांना परत आत नेऊन बसवलं. ते पुन्हा बाहेर आले, ह्या स्टुलावर बसले आणि फडकं मागितलं. मी नाही दिलं. तीनदा मागितलं. मग दिलं.”

मी ओट्याला धरून उभा होतो. अण्णांनी ती चप्पल माझ्या हातून परत घेतली, दुसरीही पुसली, जोडी केली आणि पुढं ठेवली. ती ठेवताना तिचं तोंड बाहेरच्या बाजूला केलं, म्हणजे येणाऱ्या बाईला वळावं न लागता पाय सरकवता यावा. दादांनीच त्यांना तसं शिकवलं असणार. ती बाई आली, चपला घातल्या, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि गेली. माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी रविवारच्या पांढऱ्या शर्टातही कधी पाहिलं नव्हतं.

घरचा पत्ता मिळावा म्हणून दादांनी अण्णांच्या खिशात पाहिलं तेव्हा एक कार्ड मिळालं होतं. त्यावर भालेराव सरांचा नंबर होता, म्हणून त्यांनी सरांना बोलावलं, आणि कार्डावरून हे कुणाचे वडील ते सरांनी ओळखलं. सर तिथंच बाजूला उभे होते. त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं. मी उलटं केलं. मागं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, दूलोस, आणि खाली, गुलाम. म्हणजे आदल्या संध्याकाळी मी खोटं बोललो तेव्हा खरा अर्थ टेबलावर त्यांच्या समोरच पडला होता. तो वाचून, उचलून, खिशात घालून ते ‘बरं’ म्हणाले होते.

निघताना दादांनी माझे बूट आणून पुढं ठेवले, तेही बाहेर तोंड करून. मला ते पायात घालवेनात. दादा हसले आणि म्हणाले की पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो आणि माझं खोटं त्यांच्यापाशी कबूल केलं. पुस्तक उघडून त्यांनी एका शब्दाखाली बोट ठेवलं. प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र होतं. मी अक्षर जुळवत वाचलं. दूलोस. हे कुणाबद्दल लिहिलंय, सरांनी विचारलं. मी मागचं पुढचं वाचलं आणि थांबलो. तो शब्द तिथं आपल्याबद्दल नव्हताच. तो ख्रिस्ताबद्दल होता. जो देवाच्या बरोबरीचा, त्यानं ते सगळं खाली ठेवलं आणि दूलोसाचं रूप घेतलं. मऊ शब्द पौलाला सापडत नव्हता असं नाही, त्यानं तो घेतला नाही. मराठीत ती ओळ मी शंभर वेळा वाचलेली, म्हटलेली, त्यावर बोललेलीही होती. मी सरांना म्हणालो की हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं? सर म्हणाले, “त्याच दिवशी दाखवलं होतं. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही दुसराच शब्द शोधत होता.”

अण्णांना खरं सांगायला मला आणखी आठवडा लागला. सकाळचा चहा घेऊन आम्ही बाल्कनीत बसलो होतो. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं, माझं नाव त्यांनी आपणहून घेतलं. मी म्हणालो, अण्णा, मी त्या दिवशी खोटं बोललो. त्या शब्दाचा अर्थ गुलामच आहे. ते म्हणाले, माहीत आहे. मग मी त्यांना सांगितलं की तोच शब्द, अगदी तोच, प्रभूसाठीही लिहिलेला आहे. तो मालकाच्या जागेवरून उठून आजोबा उभे असायचे त्या जागेवर येऊन उभा राहिला, असं लिहिलं आहे. अण्णा खालच्या रस्त्याकडं बघू लागले. चहावर साय धरली. मला वाटलं, विसरले.

मग त्यांनी विचारलं, “त्याला कुणी लावलं?”

मी म्हणालो, “कुणी नाही. तो आपणच आला.”

त्यांनी मान हलवली. कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर जवळजवळ चार महिने मी त्यांना दर गुरुवारी दरबारात नेत होतो. मंडळीतल्या काहींना ते खटकलं. एकानं मला तोंडावर विचारलंही की चर्चची पायरी चढत नाही तो माणूस तिथं कसा जातो? चर्चच्या पाळकांना मी दरबारातलं सगळं सांगितलं, तेव्हा ते एका गुरुवारी स्वतः तिथं आले. अण्णांनी त्यांचेही बूट पुसले, कोण आहेत ते न ओळखता. पाळक लहान वयाचे, तीसपस्तिशीचे. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, काका, पुढच्या महिन्याचं प्रभुभोजन मी तुमच्या घरी घेऊन येतो.

ते आले, पण अण्णा तेव्हा तापानं ग्लानीत होते. ओठाला भाकरीचा कण लावला, तो त्यांनी घेतला की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. शालिनी म्हणते, घेतला. मला तसं नक्की म्हणता येत नाही. पाच दिवसांनी ते गेले. अंत्यविधीला दादा आले होते, भालेराव सरांच्या शेजारी उभे होते, आणि गीत चालू असताना शब्द येत नसूनही ओठ हलवत होते.

अण्णा माझ्या शेजारी बाकावर कधी बसले नाहीत. जी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं मागितली ती मला मिळाली नाही, आणि ती न मिळाल्याची ओढ गेलेली नाही. अजूनही गीतात तो शब्द आला की माझा आवाज थांबतो. त्यांच्यासाठी थांबतो. मात्र एक फरक पडला. पूर्वी मी देवाला सांगायचो की माझ्या बापाला इथं आण. तो इथं यावा, माझ्या बाकावर, माझ्या वेळेला, हे सगळं मीच ठरवलेलं होतं. त्यासाठी मी शास्त्राचा अर्थसुद्धा बदलून दिला. आणि देवानं काय केलं, तर माझ्या बापाला हाताला धरून भलत्याच दारात नेलं, आणि मला त्यांच्या मागं धावायला लावलं. हे मला समजलं आहे असं मी म्हणत नाही. मान्य आहे, एवढंच म्हणतो. सकाळी उठल्यावर आता माझी प्रार्थना फार लहान असते, आणि बहुतेक वेळा तिला उत्तर येत नाही. मग समोर जे काम असेल ते करायला घेतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. त्या गुरुवारी अण्णा बदलापूरहून उल्हासनगरला कसे आले, आणि त्यांना हाताला धरून दारापर्यंत आणून पाण्यासाठी थांबवणारा माणूस कोण, हे कळलं नाही. दादांना चेहरा आठवत नाही, पुरुष होता एवढंच आठवतं. दरबाराच्या दारावर कॅमेरा आहे. त्यांनी मला त्या दिवशीचं चित्रण दाखवायची तयारीही दाखवली होती. मी नको म्हणालो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. पण त्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत, आणि तो कोण हे माहीत नसल्यामुळे मला कुणालाच वगळता येत नाही. रिक्षातून उतरताना, दुकानातून निघताना, कुणी दार धरून ठेवलं तर मी थांबतो आणि त्याला नीट बघून धन्यवाद म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा जरा जास्तच करतो. मला वाटतं, हाच असेल.